सीमांकनाच्या नकाशावर उपग्रहांच्या मांडणीचीही नोंद हवी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेल्या आठवड्यात सांवेर तहसिलीतील एका शेतकरी बंधूंचे पत्र वाचले. शेजाऱ्याशी बांधावरून वाद चालू असल्याने त्यांनी शेताचे चारही कोपरे मोबाइलवर मोजून घेतले, मोजताना पडद्यावर २६ उपग्रह दिसत होते, आणि एवढे उपग्रह साक्षीला असताना पटवारी ही मोजणी का मानत नाहीत, असा त्यांचा सवाल आहे. त्यांचा त्रागा मला समजतो, कारण माझ्या भाच्याचे शेत देपालपूरच्या बाजूला आहे आणि त्याच्या बांधाचाही असाच वाद गेली दोन वर्षे चालू आहे. मात्र मी ३१ वर्षे इंदुरातच तंत्रशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना भूमापन शिकवले, साखळी आणि थिओडोलाइट या कोन मोजणाऱ्या यंत्रापासून उपग्रहांच्या रिसीव्हरपर्यंत सगळी यंत्रे हाताळली, आणि त्या अनुभवावरून मला त्यांना सांगावेसे वाटते की २६ हा केवळ साक्षीदारांचा आकडा झाला. सगळे साक्षीदार एकाच ओट्यावर बसलेले असतील, तर घराच्या मागच्या बाजूला काय घडले हे त्यांच्यापैकी एकालाही सांगता येत नाही.

रिसीव्हर मुळात काय करतो, तर प्रत्येक उपग्रहापासूनचे अंतर मोजतो. उपग्रहाने संदेश केव्हा सोडला आणि तो आपल्यापर्यंत केव्हा पोहोचला, यामधल्या वेळेला प्रकाशाच्या वेगाने गुणले की अंतर निघते. एका उपग्रहापासूनचे अंतर कळले म्हणजे आपण त्या उपग्रहाभोवती कल्पिलेल्या एका प्रचंड गोलाच्या पृष्ठावर कोठेतरी आहोत एवढेच कळते. दुसऱ्या, तिसऱ्या उपग्रहाचे गोल त्याला जेथे छेदतात तेथे आपली जागा. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असल्यामुळे आपल्या अंगणापुरता पाहिला तर त्या गोलाचा तुकडा सपाटच असतो. पण मोजलेल्या अंतरात मीटर-दोन मीटरची चूक राहतेच, म्हणून तो तुकडा कागदासारखा पातळ नसतो, त्याला जाडी असते. असे जाड पट्टे एकमेकांना छेदतात तेव्हा जो तुकडा सामाईक राहतो, त्या तुकड्यात आपण कोठेतरी आहोत, याहून अधिक काही यंत्राला ठाऊक नसते.

हे समजावताना मी वर्गात थाळीत थापलेल्या वडीचे उदाहरण देत असे. सुरीने एकदा उभे आणि एकदा आडवे काप दिले की नेटकी चौकोनी वडी पडते. तेच दुसऱ्या वेळचे काप पहिल्या कापांना अगदी तिरपे, लहान कोनात दिले, तर लांबोळके शंकरपाळे पडते. दोन कापांमधले अंतर दोन्ही वेळा तेवढेच ठेवलेले असते, तरीही शंकरपाळ्याचे एक टोक दुसऱ्या टोकापासून कितीतरी लांब जाते. उपग्रह आभाळात एकमेकांपासून दूर, वेगवेगळ्या दिशांना असले की पट्टे काटकोनाच्या जवळपास छेदतात आणि वडी पडते. ते एकाच बाजूला गर्दी करून असले की शंकरपाळे पडते, आणि आपण त्याच्या कोणत्या टोकाला उभे आहोत हे रिसीव्हरला उमगत नाही. उपग्रह तेच, त्यांची घड्याळे तीच, अंतर मोजण्यातली चूकही तेवढीच. बदलते ती फक्त मांडणी.

या मांडणीचा बरेवाईटपणा एका आकड्यात सांगता येतो. यंत्रांवर तो 'पीडीओपी' या अक्षरांनी दिसतो. वर्गात मी त्याला सरळ चूक-गुणक म्हणत असे, कारण त्याचे काम तेच आहे. प्रत्येक अंतरात साधारण दोन मीटरची चूक आहे असे धरा. गुणक दीड असेल तर जागेची चूक तीन मीटर होते. गुणक सहा असेल तर तीच दोन मीटरची चूक बारा मीटर होऊन बसते. एकाच्या आसपासचा गुणक उत्तम, दोन ते चारपर्यंतचा चांगला, आणि सहाच्या पुढे गेला की जाणता भूमापक यंत्र खाली ठेवतो व थांबतो. याच गुणकाचे आडव्या अंतरांसाठी एक आणि उंचीसाठी दुसरे असे वेगळे भागही काढता येतात, आणि उंचीचा भाग जवळजवळ नेहमीच अधिक वाईट असतो. त्याचे कारण पुढे येईलच.

ही काही अवकाशयुगात नव्याने लागलेली गोष्ट नाही. आपल्याच राज्यात, आजच्या विदिशा जिल्ह्यातील सिरोंज येथे, जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८२४-२५ मध्ये भारताच्या महा-त्रिकोणमितीय सर्वेक्षणासाठी आधाररेषा, म्हणजे त्रिकोणांच्या जाळ्याची प्रत्यक्ष मोजलेली पहिली बाजू, मोजली. त्या काळापासून भूमापक मंडळी त्रिकोण निवडताना एक पथ्य पाळत आली आहेत : त्रिकोणाचा कोणताही कोन ३० अंशांपेक्षा लहान नसावा आणि १२० अंशांपेक्षा मोठा नसावा. त्रिकोण चपटा झाला की कोन मोजण्यातली केसाएवढी चूक बाजूच्या लांबीत हातभर होऊन बाहेर पडते. फरक इतकाच की तेव्हा टेकडी कोणती निवडायची हे भूमापकाच्या हातात होते. उपग्रह कोठे असावेत हे आपल्या हातात नसते. कोठे उभे राहायचे आणि केव्हा मोजायचे, एवढेच असते.

आता उंचीविषयी. रिसीव्हरला तीन गोष्टी हव्या असतात, अक्षांश, रेखांश आणि उंची. पण त्याच्या पोटात एक चौथी अडचण दडलेली असते. उपग्रहांमध्ये अणुघड्याळे असतात, आपल्या मोबाइलमध्ये मात्र साधे स्फटिकाचे घड्याळ. ते एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाने जरी चुकले, तरी अंतरात ३०० मीटरची चूक होते. म्हणून घड्याळाची चूक हे चौथे अज्ञात धरून चारही एकदम सोडवावी लागतात आणि त्यासाठी कमीत कमी चार उपग्रह लागतात. चारच मिळायचे असतील तर एक थेट डोक्यावर आणि तीन क्षितिजालगत, एकमेकांपासून १२० अंशांवर, ही मांडणी सर्वांत चांगली. आपल्यापासून त्या चौघांच्या दिशांना सारख्याच लांबीच्या रेषा काढून त्यांची टोके जोडली की जी घनाकृती होते, ती जेवढी ऐसपैस तेवढा चूक-गुणक लहान.

ज्यांना संख्येवरच भरवसा ठेवावासा वाटतो त्यांच्यासाठी एक उदाहरण देतो. मैदानात छत्री उघडून उभे राहा आणि तिच्या आठ काड्यांच्या टोकांना आठ उपग्रह आहेत असे माना. चहूबाजूंना सारखे पसरलेले, सगळे क्षितिजापासून सारख्याच उंचीच्या कोनावर. दिसायला किती छान मांडणी. पण आपण मीटरभर वर चढलो तर या आठही उपग्रहांपासूनची अंतरे सारख्याच मापाने कमी होतात, आणि आपले घड्याळ जरासे चुकले तरीही आठही अंतरे सारख्याच मापाने बदलतात. अंतरे बदलली ती उंचीमुळे की घड्याळामुळे, हे गणिताला कोणत्याही युक्तीने वेगळे काढता येत नाही आणि उंचीचा गुणक अनंताकडे जातो. छत्रीला सोळा काड्या लावल्या तरी उत्तर तेच. मात्र छत्रीच्या शेंड्यावर, थेट डोक्यावर, एकच उपग्रह आला की गाठ सुटते. तो एकटा उपग्रह काड्यांच्या टोकांवर वाढवलेल्या आठ उपग्रहांपेक्षा मोलाचा आहे.

उंची नेहमी कच्ची का राहते हेही यातूनच कळते. गणेशोत्सवाच्या मांडवाचा खांब उभा करताना आपण चारही बाजूंनी तणावे बांधतो, म्हणून तो कोणत्याच बाजूला कलत नाही. पूर्वेला एक उपग्रह आणि पश्चिमेला दुसरा, उत्तरेला एक आणि दक्षिणेला एक, असे आडव्या दिशांना दोन्हीकडून ताण मिळू शकतात. उंचीच्या बाबतीत सगळे ताण वरूनच, कारण पायाखालचे उपग्रह पृथ्वीच्या आड असतात. उड्डाणपुलावरून जाताना मोबाइलचा नकाशा आपल्याला पुलाखालच्या रस्त्यावर दाखवतो आणि पुढे नसलेल्या वळणावर वळायला सांगतो, हा अनुभव इंदुरात कितीतरी जणांनी घेतला असेल. पूल आणि रस्ता यांच्या उंचीत असून-नसून सहा-सात मीटरचा फरक, आणि मोबाइलच्या उंचीतली चूक सहज त्याहून मोठी असू शकते.

क्षितिजालगतचे उपग्रह हवेत असे म्हटले खरे, पण त्यांचा संदेश वातावरणातून तिरपा, म्हणजे फार लांबच्या वाटेने येतो आणि त्याच्या अंतरात चूक अधिक असते. म्हणून मोजणीची यंत्रे १० किंवा १५ अंशांच्या खालचे उपग्रह सहसा सोडून देतात. मांडणी सुधारावी तर अंतर बिघडते आणि अंतर सांभाळावे तर मांडणी बिघडते, असा हा पेच आहे, आणि माझ्या मते भूमापकाचे खरे कौशल्य या ठिकाणी लागते.

इंदूरच्या आभाळाची एक खास गोष्ट आहे, आणि भाच्याच्या बांधाचा प्रश्न तिच्यापाशीच येऊन थांबतो. जीपीएसच्या उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांचा कोन करतात, त्यामुळे कोणताही उपग्रह ५५ अंश अक्षांशाच्या पलीकडे डोक्यावर येत नाही. इंदूर सुमारे पावणेतेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. हिशेब मांडला तर आपल्याकडून थेट उत्तरेला पाहताना क्षितिजापासून जवळजवळ ४८ अंशांपर्यंत, म्हणजे अर्ध्याअधिक आभाळात, जीपीएसचा उपग्रह कधीच येत नाही. ध्रुवापलीकडून जाणारा एखादा उपग्रह उत्तर क्षितिजाला टेकून दिसावा तर तोही आपल्या अक्षांशावरून दिसत नाही. रशियाच्या ग्लोनासच्या कक्षा ६४.८ अंशांवर असल्याने हे भगदाड थोडे भरते, पण तेही सुमारे ३६ अंशांपर्यंतच. तात्पर्य, इंदुरातल्या रिसीव्हरला उत्तर-दक्षिण दिशेचा ताण मिळतो तो मुख्यतः दक्षिणेच्या आभाळातून. दक्षिणेचे आभाळ झाकले गेले की उरतात ते डोक्यावरचे आणि पूर्व-पश्चिमेचे उपग्रह.

भाच्याच्या शेताच्या दक्षिण बांधावर कडुनिंब आणि बाभळींची दाट रांग आहे आणि नैऋत्य कोपऱ्यात विहिरीला लागून चिंचेचे जुने झाड आहे. गेल्या मार्गशीर्षात मी त्याच्याबरोबर त्या कोपऱ्यावर उभा राहिलो. उपग्रहांचा नकाशा आणि चूक-गुणक दाखवणारे एक ॲप मी मोबाइलवर ठेवलेले आहे. त्यात दिसणारे उपग्रह १९ होते, पण गणितात प्रत्यक्ष वापरलेले फक्त सात. ही दुसरी संख्या बहुतेकांच्या नजरेतून सुटते. त्या गोल नकाशावरचे सातही ठिपके पूर्वेकडून माथ्यावरून पश्चिमेकडे एका ओळीत, जणू कोणी दोरीवर धुणे वाळत घालावे तसे मांडलेले होते. खालचा अर्धा भाग, म्हणजे दक्षिण, चिंचेने आणि कडुनिंबांनी गिळला होता, आणि वरचा भाग मुळातच रिकामा. चूक-गुणक होता ५.८. दर मिनिटाला एक याप्रमाणे दहा वेळा त्याच दगडावर मोबाइल ठेवून मी जागा टिपली. ते दहा बिंदू कागदावर उतरवले तेव्हा पूर्व-पश्चिम पसारा तीन मीटरांच्या आत राहिला, पण उत्तर-दक्षिण पसारा नऊ मीटरांच्या घरात गेला. पानांतून गाळून आलेल्या क्षीण संदेशांचाही त्यात वाटा होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु पसारा अमुक एका दिशेलाच लांबला, हे काम मांडणीचे. त्याच दिवशी ईशान्येच्या मोकळ्या कोपऱ्यावर गुणक १.४ होता आणि दहाही बिंदू एका बैठकीच्या सतरंजीवर मावतील एवढ्या जागेत आले.

दुर्दैव असे की बांध पूर्व-पश्चिम धावतो, आणि म्हणून उत्तर-दक्षिण चूक नेमकी बांधावरच येऊन पडते. भाच्याचा दक्षिण बांध १८० मीटर लांब आहे. एकाच कोपऱ्यात तीन मीटरची चूक झाली तरी २७० चौरस मीटरची पाचर या शेतातून त्या शेतात सरकते. शेजारीही आपल्या मोबाइलने मोजतो, त्याची चूक उलट्या दिशेला जाते, आणि मग दोन्ही घरे खरे बोलत असताना एकमेकांना खोटे ठरवतात. दोन पिढ्यांपासून एका विहिरीवर पाणी भरणारी ही घरे आज एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. म्हणून मला या विषयावर लिहिल्यावाचून राहवले नाही.

मोबाइलच्या पडद्यावर आपल्या भोवती जे निळसर वर्तुळ दिसते, त्याचाही अर्थ नीट समजून घ्यायला हवा. अँड्रॉइड मोबाइलवर 'चार मीटर अचूकता' दिसते तेव्हा आपण त्या चार मीटरच्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के आहे, एवढाच दावा असतो. म्हणजे तीनपैकी साधारण एका वेळी आपण वर्तुळाबाहेर असतो. शिवाय खरी चूक वर्तुळाकार नसतेच. ती शंकरपाळ्यासारखी एका दिशेला लांबलेली असते आणि कोणत्या दिशेला, हे ते वर्तुळ सांगत नाही.

शहरातल्या गल्ल्यांचेही हेच. आमची गल्ली पूर्व-पश्चिम, दोन्ही बाजूंना तीन-तीन मजल्यांची घरे, वर उरते ती आभाळाची एक पट्टी. पट्टीच्या दिशेने, म्हणजे गल्लीच्या लांबीत, जागा बऱ्यापैकी नेमकी मिळते. गल्लीला आडव्या दिशेत मात्र ती मागच्या समांतर गल्लीत जाऊन पडते. भिंतींवर आपटून आलेले संदेश त्यात भर घालतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या आजींना रात्री छातीत दुखू लागले तेव्हा बोलावलेली रुग्णवाहिका मागच्या गल्लीत उभी राहिली. चालकाच्या पडद्यावर तो आमच्याच दाराशी पोहोचलेला होता. शेवटी आजींचा नातू पायजम्यावरच धावत जाऊन गाडी वळवून घेऊन आला. आजी बऱ्या आहेत, आणि मी चालकाला दोष देत नाही. पण राजवाडा, सराफा, शीतलामाता बाजार या भागांत राहणाऱ्यांनी नुसता नकाशावरचा बिंदू पाठवून न थांबता गल्लीच्या तोंडाशी माणूस उभा करावा, असे मी तेव्हापासून सर्वांना सांगत असतो.

मांडणी वेळेनुसार बदलते, आणि हे भूमापकाच्या फायद्याचे आहे. जीपीएसचा उपग्रह ११ तास ५८ मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी पूर्ण करतो, त्यामुळे आज सकाळी ११ वाजता आभाळात जी मांडणी दिसते तीच उद्या १० वाजून ५६ मिनिटांनी दिसते, आणि महिन्याने नऊच्या सुमारास. चिंचेखालच्या कोपऱ्यावर सकाळी ५.८ असलेला गुणक दुपारी दोन वाजता ३ च्या खाली आला होता, कारण तेव्हा नैऋत्येकडच्या फांद्यांच्या फटीतून दोन उपग्रह मिळाले. १९९५ मध्ये जीपीएसची २४ उपग्रहांची मांडणी पूर्ण क्षमतेने चालू झाल्याचे जाहीर झाले. त्यापूर्वी पुरेसे उपग्रह कोणत्या तासांत मिळतील याचे कोष्टक आधी बघूनच पथके रानात जात. आज कोणत्याही वेळी पुष्कळ उपग्रह दिसतात, म्हणून ती सवय सुटली. झाडाखाली, भिंतीशेजारी, नाल्याच्या खोलगटात तिची गरज मात्र तशीच आहे.

संख्येला काहीच किंमत नाही, असा माझ्या म्हणण्याचा अर्थ कोणी काढू नये. एक उपग्रह वाढल्याने मांडणी कधीच बिघडत नाही. जीपीएसच्या जोडीला ग्लोनास, युरोपचा गॅलिलिओ, चीनचा बायडू आणि आपला नाविक यांचे उपग्रह मिळाल्यामुळे उघड्या माळावर आजचा मोबाइल पंधरा वर्षांपूर्वीच्या महागड्या यंत्राच्या तोडीची मांडणी पाहतो. मात्र प्रत्येक यंत्रणेचे घड्याळ थोडे वेगळे चालत असल्याने, हा फरक आधीच ठाऊक नसेल तर नव्या यंत्रणेचा पहिला उपग्रह तो काढण्यातच खर्ची पडतो, हेही ध्यानात असावे.

नाविकबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण मांडणीचा विचार तिच्या रचनेत फार सुंदर उतरला आहे. सात उपग्रहांपैकी तीन विषुववृत्ताच्या वर स्थिर ठेवायचे आणि चार २९ अंश कललेल्या कक्षांत, की जे रोज आकाशात इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वाट काढत उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि परत येतात. सातही विषुववृत्तावरच ठेवले असते तर आपल्याला सगळे उपग्रह दक्षिणेच्या एकाच कमानीत दिसले असते आणि उत्तर-दक्षिण जागा कच्ची राहिली असती. परंतु सुरुवातीच्या उपग्रहांपैकी अनेकांची रुबिडियम घड्याळे, म्हणजे त्यांची अणुघड्याळे, बंद पडली, आणि २९ जानेवारी २०२५ रोजी सोडलेला एनव्हीएस-०२ हा उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. घड्याळ बंद पडलेला उपग्रह आभाळात असूनही त्या दिशेचा तणावा तुटलेलाच असतो. मोठ्या यंत्रणेत तीसपैकी एक गेला तर निभावते. सातांच्या कुटुंबात एक जाणे फार जाणवते. २०२३ च्या मे महिन्यात गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये भारतात बनवलेले रुबिडियम घड्याळ आहे, याचा म्हणूनच मला मनापासून अभिमान वाटतो.

आपल्या भागाची आणखी एक अडचण सांगितली पाहिजे. भूचुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना वातावरणाच्या वरच्या थरात विद्युतभारित कणांचे दाट पट्टे दुपारनंतर तयार होतात. त्यांपैकी उत्तरेचा पट्टा साधारण अहमदाबाद, इंदूर, भोपाळ याच अक्षांशांवरून जातो. त्यामुळे येथे मुळातल्या अंतरातली चूक अधिक, आणि सूर्य सक्रिय असलेल्या वर्षांत सूर्यास्तानंतर काही उपग्रहांचे संदेश लुकलुकून तुटतात. उरलेल्यांची मांडणी विस्कटते, म्हणजे चूकही वाढलेली आणि तिला गुणणारा आकडाही वाढलेला. हद्दीची मोजणी संध्याकाळी करू नये हा माझा आग्रह त्यामुळे आहे.

जमिनीवरच्या स्थिर केंद्राकडून दुरुस्त्या घेऊन सेंटिमीटरपर्यंत मोजणारी यंत्रे आता सीमांकनासाठी येऊ लागली आहेत आणि ती मोबाइलच्या कितीतरी पुढची आहेत, यात शंका नाही. परंतु या दुरुस्त्या अंतरातली चूक कमी करतात, मांडणी सुधारत नाहीत. उरलेली चूक त्याच गुणकाने गुणली जाते. चिंचेखाली उभे केलेले लाखांचे यंत्रही चिंचेखालीच असते. म्हणून मोजणी झाल्यावर जो नकाशा शेतकऱ्याच्या हाती देतात, त्यावर प्रत्येक कोपऱ्यापुढे मोजणीची वेळ, गणितात वापरलेल्या उपग्रहांची संख्या आणि चूक-गुणक या तिन्हींची नोंद असावी, गुणक चारच्या वर असेल तर तो कोपरा काही तासांनी पुन्हा मोजावा आणि दोन्ही आकडे लिहावेत, अशी माझी राजस्व विभागाला आपल्या पत्रातून विनंती आहे. हे आकडे यंत्रात आपोआप साठतात. त्यांना कागदावर आणायला वेगळा खर्च नाही. झाडाखालचा कोपरा मोजताच येत नसेल तर उघड्यावरच्या दोन बिंदूंवरून टोटल स्टेशनने, म्हणजे कोन आणि अंतर दोन्ही मोजणाऱ्या यंत्राने, किंवा साध्या फितीने तो बांधून घ्यावा, जसे आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी शिकवत असू.

सांवेरच्या त्या बंधूंनी राग मानू नये. त्यांनी आपल्या शेतात एकदा सकाळी आणि एकदा दुपारी, त्याच दगडावर मोबाइल ठेवून दहा-दहा वेळा जागा टिपावी आणि बिंदू कागदावर मांडून पाहावेत; मोबाइलच्या भरवशावर कोर्टाची पायरी चढायची की नाही, हे त्यांचे त्यांनाच ठरवता येईल. भाच्याच्या शेताचे सीमांकन पुढच्या महिन्यात ठरले आहे. पथक येईल तेव्हा शेजारच्या घरातील वडीलधारेही बांधावर असावेत म्हणून मी स्वतः त्यांच्याकडे जाऊन आलो. दहा बिंदूंचा तो कागद त्यांना दाखवला, त्यांनी तो चष्मा लावून बराच वेळ पाहिला, आणि त्यांच्या मोबाइलनेही तसेच करून पाहायचे आमचे ठरले आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त भूमापन-अध्यापक,
लोकमान्य नगर, इंदूर